इटालियन सोडून लंडन धरावं का? तेराव्या खेळीविषयी थोडं

नव्याने वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. मालवण तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांची मुलगी आठवीत आहे, चार वर्षं बुद्धिबळ खेळते आणि पांढरी मोहरी आली की इटालियन नावाचं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्या) खेळते. दिवाळीच्या सुट्टीतल्या रेटेड स्पर्धेत चौथ्या फेरीला तिची गाठ तिच्यापेक्षा सुमारे दोनशे गुण वरच्या रेटिंगच्या मुलाशी पडली. पाठ केलेल्या बारा खेळ्या बरोबर पडल्या. पुढे, त्यांच्याच शब्दांत, "हळूहळू काहीतरी बिघडत गेलं." ३३व्या खेळीला डी४ वरचं प्यादं गेलं, ४६व्या खेळीला तिने डाव सोडला. आता क्लासमधून सल्ला मिळालाय की इटालियन जुनं झालं, लंडन सिस्टिम घ्या, कोर्स तयार आहे. तर ओपनिंग बदलावं का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय, "मला स्वतःला आजोबांकडून शिकलेलं देशी बुद्धिबळच येतं, त्यामुळे मी काही मदत करू शकत नाही." या वाक्याकडे मी नंतर येणार आहे, कारण ते चूक आहे.

डाव असा झाला. (× म्हणजे मारलं. मोहऱ्याचं नाव नसेल तर खेळी प्याद्याची. कंसातलं अक्षर कोणत्या फाईलवरचं, म्हणजे पटाच्या कोणत्या उभ्या रांगेतलं, मोहरं ते सांगतं. कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र खेळी.)

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. सी३ घोडा एफ६ ५. डी४ ई×डी४ ६. सी×डी४ उंट बी४ शह ७. उंट डी२ उंट×डी२ शह ८. घोडा(बी)×डी२ डी५ ९. ई×डी५ घोडा(एफ)×डी५ १०. वजीर बी३ घोडा(सी) ई७ ११. कॅसलिंग कॅसलिंग १२. हत्ती(एफ) ई१ सी६ १३. उंट×डी५ घोडा×डी५ १४. घोडा ई४ वजीर बी६ १५. वजीर×बी६ ए×बी६

पुढच्या खेळ्या २८व्यापर्यंत दिल्या आहेत. त्यानंतरचं अक्षर लागत नाही म्हणतात. लागणार कसं, हरत असलेल्या मुलाची स्कोअरशीट डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी होत जाते. पण पोरीने एक काम फार छान केलंय. खेळ्यांसमोर दोघांच्या घड्याळातली शिल्लक मिनिटं टिपली आहेत. मी आधी तेच वाचलं आणि माझं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

वेळ होता ९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंद वाढीव. बाराव्या खेळीनंतर तिच्या घड्याळात ९३ मिनिटं होती, म्हणजे डाव सुरू करताना होती त्यापेक्षा जास्त. तेरावी खेळी तिने पाऊण मिनिटात केली. डाव सोडला तेव्हा तिच्याकडे ७१ मिनिटं शिल्लक होती आणि समोरच्या मुलाकडे ९. त्यामुळे मी प्रश्न असा वाचतो: पाठ केलेलं संपतं त्या जागी आपण उभे आहोत हे तिला कळत का नाही, आणि तिथे थांबून नेमका कशाचा विचार करायचा? लंडन घेतलं तरी ही जागा येणारच. दहाव्या खेळीला येईल, नाहीतर चौदाव्या.

आता डावाकडे वळू. इटालियन जुनं आहे हे अगदी खरं. सी३ आणि डी४ ची ही कल्पना ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांत सापडते. ती १६२० च्या दशकातली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. पण जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे. २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने कास्पारोवविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत रॉय लोपेझ या ओपनिंगला बर्लिन बचावाची भिंत उभी केली. पुढच्या वर्षांत ती भिंत फुटेना, तेव्हा मोठमोठे खेळाडू याच उंट सी४ कडे परत वळले, फक्त डी४ ऐवजी डी३ असं सावकाश खेळू लागले. तेव्हा "इटालियन लहान मुलांचं" असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

तिच्या खेळ्या मी एकेक करून विचारेन, कारण माझा अनुभव असा की मुलांना खेळी येते, पण "का" विचारलं की ती छताकडे बघतात. चौथ्या खेळीला सी३ कशासाठी? पुढे डी४ ढकलल्यावर काळ्याने मारलं तर प्याद्याने परत मारून मध्यभागी ई४ आणि डी४ अशी प्याद्यांची जोडी उभी करायला. ही जोडी तशीच टिकली तर काळ्याचे घोडे आणि उंट मागे मागे हटत जातात. म्हणून काळा सहाव्या खेळीला शह देऊन एका खेळीची सवड मिळवतो आणि आठव्या खेळीला डी५ करतो. या लाईनमधली काळ्याची सर्वांत महत्त्वाची खेळी हीच. जे मूल इथे डी५ न करता डी६ करून गप्प बसतं, त्याला पांढरा मध्यभागातून चेपतो. समोरच्या मुलाला डी५ माहीत होतं. नवव्या खेळीला प्यादी मारली गेली आणि पांढऱ्याची जोडी मोडली. उरलं एकटं डी४.

दहावी खेळी वजीर बी३: उंट आणि वजीर दोघे मिळून डी५ वरच्या घोड्यावर डोळा ठेवतात. काळा दुसरा घोडा ई७ वर नेऊन त्याला आधार देतो. (इथे घोडा ए५ हीसुद्धा खेळी आहे. मग वजीर ए४ शह, घोडा परत सी६, वजीर परत बी३, आणि दोघांना हवं असेल तर खेळ्यांच्या पुनरावृत्तीने बरोबरी. शेवटच्या फेरीत असे डाव पाहून मी वैतागलो आहे, पण नियमात बसतं.) सातव्या खेळीला उंट डी२ ऐवजी घोडा सी३ असा बलिदानाचा रस्ताही आहे. तो भन्नाट आहे, पण खूप पाठ करावं लागतं आणि काळ्याने नीट उत्तरं दिली तर हाती फारसं काही लागत नाही. तिला तो दिला नाही हे बरंच झालं.

बाराव्या खेळीनंतरची स्थिती पटावर मांडा. पांढऱ्याचं डी४ वरचं प्यादं एकटं आहे. त्याच्या दोन्ही शेजारच्या फाईली, सी आणि ई, पांढऱ्या प्याद्यांवाचून रिकाम्या. इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे याला आयसोलेटेड पॉन म्हणतात, मी मुलांना "एकटं प्यादं" सांगतो. त्याचा तोटा उघड आहे. त्याला दुसऱ्या प्याद्याचा आधार कधीच मिळणार नाही, मोहऱ्यांनीच राखावं लागणार. फायदा तितका उघड नाही, म्हणून शिकवावा लागतो. या प्याद्यामुळे ई५ आणि सी५ ही दोन घरं पांढऱ्याच्या घोड्यांना मिळतात, दोन्ही बाजूंच्या फाईली हत्तींना मिळतात, मोहऱ्यांना हातपाय पसरायला जागा होते. आणि काळ्याची पकड जरा सुटली की डी५ ढकलून सगळं पट उघडता येतं.

यावर शंभर वर्षांपूर्वी मोठाच वाद होता. टाराश नावाचा मोठा खेळाडू एकट्या प्याद्याच्या बाजूचा. मोहऱ्यांना मिळणारी मोकळीक हीच त्याला खरी कमाई वाटे. निम्झोविच हा दुसरा मोठा खेळाडू त्या प्याद्यासमोरचं घर अडवून बसण्याच्या बाजूचा. तुमच्या मुलीचा डाव म्हणजे त्याच वादाचा एक छोटा अंक. काळ्याने सी६ करून डी५ वरच्या घोड्याला खुंटीला बांधावं तसं पक्कं केलं. आता पांढऱ्याने काय करायचं?

तिने उंट देऊन घोडा मारला. का मारला, तर "मध्ये बसून त्रास देत होता म्हणून." हे कारण मूर्खपणाचं नाही. अडवून बसलेलं मोहरं हुसकावं, हे बरोबरच आहे. पण मारायच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहिला: मारल्यावर त्या घरात कोण येऊन बसणार? ई७ वरचा दुसरा घोडा तयारच होता. एक गेला, दुसरा त्याच खुर्चीत बसला, आणि त्या घोड्याला त्रास देऊ शकणारा तिचा एकमेव उंट पेटीत गेला. काळ्याचा सी८ वरचा उंट मात्र शाबूत राहिला. चौदाव्या-पंधराव्या खेळीला वजीरही गेले. एकट्या प्याद्याचा फायदा मोहऱ्यांच्या हालचालीत असतो. मोहरी कमी होत गेली की फायदा वितळतो आणि तोटा तेवढा शिल्लक राहतो. मग पुढच्या अठरा खेळ्यांत डी४ पडणं हे फक्त कधी एवढ्यापुरतंच बाकी होतं.

तेराव्या खेळीला काय करता आलं असतं? जुनी मान्य खेळी आहे ए४. दिसायला निरुपद्रवी, पण काळ्याने वजीर बी६ वर आणून अदलाबदल मागितली की ए५ करून जागा घेता येते. घोडा बी६ वर येऊन उंटाला ढोसणार असेल तर त्यालाही हे प्यादं आवर घालतं. दुसरी साधी खेळी घोडा ई४, पुढे सी५ कडे जायला. दोन्हीत उंट सी४ वरच राहतो. पंधराव्या खेळीलासुद्धा वजीर न मारता सी२ वर नेता आला असता. मग एफ५ चा उंट किंवा बी४ चा घोडा थोडा त्रास देतो, ते सोसावं लागलं असतं, पण डावात जीव राहिला असता. यातली कोणतीही खेळी पांढऱ्याला जिंकून देत नाही. बाराव्या खेळीनंतर डाव जवळजवळ समान आहे, आणि दोनशे गुण वरच्या खेळाडूसमोर समान डाव म्हणजे ओपनिंगने आपलं काम चोख केलं. एलोच्या, म्हणजे रेटिंग मोजायच्या पद्धतीच्या, गणिताने एवढ्या फरकाला चार डावांत साधारण एक गुण मिळणं अपेक्षित असतं. तेव्हा हरण्याचं दुःख एवढं करू नका.

कॉम्प्युटरविषयीही बोलायला हवं. तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरने ३२व्या खेळीवर लाल खूण केली, "तिथे तिने चूक केली." आज जवळपास प्रत्येक पालक मला असा लाल खुणांचा कागद दाखवतो. पण यंत्राला तेरावी खेळी दाखवा, ते फार तर काळ्याला जरासं बरं म्हणेल आणि पुढे जाईल. कारण यंत्र समजा दोन्हीकडून खेळलं तर ते हा डाव बरोबरीत राखेल. तेरा वर्षांच्या मुलीला ते राखता येतं का, हा प्रश्न यंत्राला पडत नाही. वीस खेळ्या सतत राखण करत राहिल्यावर माणूस एकदा चुकतोच, आणि लाल खूण त्या शेवटच्या चुकीवर उमटते. गळणारं छप्पर पहिल्या पावसात कळतं, पण कौल सरकलेलं असतं उन्हाळ्यात माकडांनी. डाव तपासताना मी म्हणूनच यंत्र बंद ठेवतो आणि मुलाला विचारतो: तुला खेळायचा कंटाळा किंवा भीती कधी वाटू लागली? बहुतेक वेळा बोट बरोबर जागेवर जातं.

ही स्थिती मला इतकी जिव्हाळ्याची असण्याचं कारण सांगतो. मी देवगडकडचा. आजोबांबरोबर ओटीवर देशी खेळत वाढलो. प्यादं एकच घर चालायचं, कॅसलिंग नाही, राजाला एकदा घोड्यासारखी उडी. मी मोहरी बाहेर काढायला आळस केला की ते म्हणत, "हत्ती गोठ्यातच बांदून ठेवलंस मरे!" आंतरराष्ट्रीय नियम हायस्कूलात शिकलो. मग मुंबईच्या एका पाहुण्याकडून सिसिलियन बचावाचं पुस्तक मिळालं आणि मी त्यातल्या नायडॉर्फ प्रकाराच्या चौदा खेळ्या घोकल्या. १९९४ च्या मे महिन्यात एसटीने फोंडा घाट चढून कोल्हापूरमार्गे सांगलीला स्पर्धेला गेलो. पहिल्याच फेरीत समोर एक निवृत्त शिक्षक. ई४, सी५, आणि दुसऱ्याच खेळीला त्यांनी सी३ केलं. माझ्या चौदा खेळ्या दोनवर आल्या. चाळीस मिनिटं घामाघूम होऊन बसलो. पुढे त्यांना असंच एकटं डी४ मिळालं. मला वाटलं, वा, आयतं प्यादं! मी त्याच्यावर नेम धरून बसलो आणि एकोणिसाव्या खेळीला त्यांनी तेच प्यादं डी५ वर ढकललं. पुढचं सगळं दहा मिनिटांत आटोपलं.

डाव संपल्यावर त्यांनी चहा मागवला आणि डी५ च्या आधीची स्थिती परत मांडली. मग दोघांचा एकेक घोडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, आता खेळ. मी वाचलो. मग एकेक उंट उचलला. आता मी जिंकलो. तेच प्यादं, तेच घर, फक्त मोहरी कमी. व्याख्यान वगैरे त्यांनी काही दिलं नाही. पुढची फेरी होती, ते उठून गेले. गेली बावीस वर्षं मी मुलांना शिकवतोय आणि हा चहाच्या कपाएवढा धडा शंभर वेळा तरी वापरला असेन.

तुमच्या घरी तो असा करा. बाराव्या खेळीनंतरची स्थिती मांडा. प्रत्येकी पंधरा मिनिटं लावून तिथून पुढे डाव खेळा. पाच डाव तिने पांढऱ्याकडून, पाच काळ्याकडून. काळ्याकडून खेळणं टाळू नका. समोरच्याला काय हवंय ते तिकडे बसल्याशिवाय कळत नाही. नंतर त्याच स्थितीतून पांढऱ्याचा सी४ चा उंट आणि काळ्याचा ई७ चा घोडा उचला. नीट बघितलंत तर हीच तिच्या डावातली तेराव्या खेळीनंतरची स्थिती आहे. पुन्हा चार डाव. मग वजीरही उचला आणि पुन्हा खेळा. प्रत्येक टप्प्यावर डी४ सांभाळायला किती मोहरी बांधली गेली ते तिला मोजायला लावा. तिसऱ्या टप्प्यात ती स्वतःच म्हणेल की हे नको, मोहरी ठेवूया. हे वाक्य तिच्या तोंडून आलं की ते टिकतं. आपण सांगितलेलं पुढच्या फेरीपर्यंतही टिकत नाही.

आणि समोर बसायला कोण, तर तुम्ही. देशी खेळणाऱ्याला वाटतं आपले नियम वेगळे. पण ही स्थिती बघा: दोघांचं कॅसलिंग झालेलं आहे, राजाच्या उडीचा प्रश्न मिटला. मधली प्यादी पुढे आलेली आहेत. मुख्य फरक राहतो तो कडेच्या प्याद्यांनी पहिल्यांदा दोन घरं जाण्याचा आणि शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचं काय होतं त्याचा: देशीत ते ज्या फाईलवर पोचेल तिथलं मोहरं होतं, इथे हवं ते मागता येतं. दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत समजतात. काळ्याकडून तुमचं काम सोपं आहे, डी५ चं घर सोडायचं नाही आणि मिळेल तिथे अदलाबदल करायची. देशी खेळणाऱ्यांचा हात याबाबत चांगलाच चालतो. (आपल्या देशीचा जगाच्या ओपनिंगवर ठसा आहे हेही जाता जाता. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश माणसाशी खेळणारे महेशचंद्र बॅनर्जी प्यादं एकच घर सारून उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसवत. किंग्ज इंडियन वगैरे ओपनिंगच्या नावांतलं "इंडियन" त्या खेळाकडून आलंय.)

आता लंडन. त्याला मी नावं ठेवत नाही. २०२३ मध्ये अस्ताना इथे विश्वविजेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने नेपोम्नियाचीविरुद्ध सहावा डाव लंडननेच जिंकला. डी४, उंट एफ४, ई३, सी३ अशी घडी जवळपास कशाहीसमोर बसते, म्हणून वेळ कमी असलेल्या माणसाला ती सोयीची. नोकरी करणाऱ्या मोठ्यांना मी स्वतः लंडन सुचवतो. पण तुमच्या मुलीचा दोष न थांबता खेळण्याचा आहे, आणि न थांबता खेळायला लंडनइतकं सोयीचं ओपनिंग दुसरं नाही. समोरच्याने काय केलं ते न बघता आठ खेळ्या करता येतात. तिच्या घड्याळात बाराव्या खेळीला ९३ ऐवजी ९५ मिनिटं दिसतील, एवढाच फरक.

शिवाय एकटं प्यादं ही फक्त इटालियनची मिळकत नाही. कॅरो-कानमधल्या पानोव हल्ल्यात ते येतं, क्वीन्स गॅम्बिट घेतल्यावर येतं, टाराश बचावात काळ्याला येतं, माझ्या त्या सिसिलियनमध्ये दुसऱ्या खेळीच्या सी३ नंतर आलं. उद्या तिने खरोखर ओपनिंग बदललं तरी हे शिकलेलं वाया जात नाही. १९८१ ची कोर्चनोई–कार्पोव लढत मेरानोला झाली. तिच्यातला नववा डाव तिच्यासोबत बघा. कार्पोवने काळ्याकडून हेच एकटं प्यादं कसं घेरलं ते पाहताना तिला स्वतःचा डाव आठवेल. हळूहळू बघा, दर तीन-चार खेळ्यांनी थांबून तिला पुढची खेळी ओळखायला सांगा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. ती आठवड्याला किती तास देते? दोन तासांच्या आत असेल तर नवीन ओपनिंगचा विचारच नको. सराव आणि थोडे हत्तींचे अंतिम डाव एवढंच करा. वर्षाला किती मोठ्या वेळेच्या स्पर्धा खेळते? कोकणात बऱ्याचशा एकदिवसीय, जलद. तिथे इटालियन चालतंच. तिचा स्वभाव कसा आहे? मारामारी नको, सावकाश आवडतं असं असेल तर ओपनिंग तेच ठेवून पाचव्या खेळीला डी४ ऐवजी डी३ करा. मग कॅसलिंग, हत्ती ई१, घोडा डी२ वरून एफ१ आणि जी३ कडे, असा संथ डाव होतो आणि प्यादं एकटं पडत नाही. पहिल्या चार खेळ्या त्याच, म्हणून शिकलेलं काही फुकट जात नाही. माझं मत विचाराल तर अजून वर्षभर डी४ च खेळू द्या. या वयात मोकळ्या पटावर मार खाल्लेला बरा, आणि डी३ च्या बारकाव्यांना जी चिकाटी लागते ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपसूक येते. पण तिला डी४ ची भीतीच बसली असेल तर माझं ऐकू नका, डी३ करा. भीतीने खेळलेली चांगली लाईन वाईट लाईनपेक्षा महाग पडते.

घड्याळासाठी एक छोटा उपाय, माझ्या मुलांवर चाललेला. स्कोअरशीटवर, जिथे पाठ केलेलं संपलं तिथे तिने खेळीखाली एक आडवी रेघ मारायची. विचार, आराखडे वगैरे लिहायचं नाही, ते नियमात बसत नाही. रेघेबद्दलही फेरीच्या आधी आर्बिटरला (पंचांना) विचारून घ्या, कोणाला खटकलीच तर मनातल्या मनात मारायची. रेघ मारली की दहा मिनिटं हात मांडीखाली. दहा मिनिटांत तीनच गोष्टी बघायच्या: माझं सर्वांत निकामी मोहरं कोणतं, समोरच्याचं सर्वांत त्रासदायक कोणतं, आणि मी अदलाबदल केली तर त्या घरात कोण येणार. ९० मिनिटांच्या डावात दहा मिनिटं काहीच नाहीत, पण पहिल्या एक-दोन स्पर्धांत तिला ती युगासारखी वाटतील. शेजारच्या पटावरचं मूल संपवून वडा खायला गेलेलं असतं, हिलाही जायचं असतं. तेवढं चालायचंच.

आणखी एक. १५व्या खेळीला काळ्याने वजीर प्याद्याने मारला, म्हणजे बी फाईलवर त्याची दोन प्यादी एकामागे एक आली. तुम्ही लिहिलंय की ती जोडी शेवटपर्यंत तशीच होती आणि शेवटी दोघांचा एकेक हत्ती उरला होता. बाकी कुठलं प्यादं गेलं नसेल तर त्याचं जास्तीचं प्यादं म्हणजे हे जोडप्यादंच. तिची ए आणि बी फाईलवरची दोन प्यादी त्याच्या त्या बाजूच्या तिघांना बराच वेळ रोखून धरू शकतात, आणि राजाच्या बाजूला तीनास तीन. असे हत्तींचे डाव एक प्यादं कमी असूनही खूपदा बरोबरीत सुटतात, मात्र हत्ती प्यादी राखायला मागे न बसवता समोरच्याच्या प्याद्यांच्या पाठीमागे नेऊन त्रास देत राहायला हवं. ७१ मिनिटं हातात असताना तिने ४६व्या खेळीला तो सोडला, हे मला तेराव्या खेळीपेक्षा जास्त खुपलं. अक्षर लागत नसलं तरी तिला शेजारी बसवून ३३ ते ४६ खेळ्या आठवून लिहायला सांगा. मुलांना आपले डाव आठवतात. मग ती स्थिती इथे टाका. मला वाटतं, सोडला तेव्हा तो डाव अजून हरलेला नसावा.